"तुझं इंग्रजी चांगलं आहे, एक प्रपोजल लिहून दे"

जून २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. म्हणजे मला कुणी काढलं नाही, आमचा विभागच बंद झाला. शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत सोळा वर्षं मी भाषांतर आणि संपादन करत होते. दुसऱ्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. ताई माझ्या आईच्या मैत्रीण, वय अडुसष्ट. पुण्यात पर्वती पायथ्याच्या वस्तीत त्यांच्या संस्थेच्या तीन अभ्यासिका आहेत. संध्याकाळी सहा ते आठ, पहिली ते आठवीची मुलं, गृहपाठ आणि थोडं वाचन-गणित.

"अगं, तू आता घरीच आहेस ना? तुझं इंग्रजी चांगलं आहे. आमचं एक प्रपोजल लिहून दे. तुला काय, दोन दिवसांचं काम."

प्रपोजल म्हणजे संस्थेच्या कामासाठी कंपन्यांकडे किंवा फाउंडेशनकडे पैसे मागणारा प्रस्ताव. त्या दोन दिवसांच्या कामातून मिळालेल्या निधीचा पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात जमा झाला तो २८ मार्च २०२४ ला. मधल्या नऊ महिन्यांत मी काय काय केलं, कुठे अडकले आणि किती खर्च झाला ते इथे लिहितेय. आता मी तीन संस्थांसाठी हेच काम करते आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोन करून विचारतं, "नक्की काय करायचं असतं गं यात?"

पहिलं प्रपोजल मी जुलैत लिहिलं. आठ दिवस लागले, चौदा पानं झाली. इंग्रजी खरंच चांगलं होतं. दारिद्र्याचं दुष्टचक्र होतं, शिक्षणाचा प्रकाश होता, शहरी वंचिततेवर दोन पानांची प्रस्तावना होती. ताईंना वाचून दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. हिंजवडीतल्या एका कंपनीत ताईंच्या भाच्याची ओळख होती, तिथे ते पाठवलं. तीन आठवडे काहीच नाही. मग मीच फोन केला. पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, एवढं मोठं कुणी वाचत नाही. दोन पानी कॉन्सेप्ट नोट पाठवा. आणि तुमचा सीएसआर-वन नंबर?"

मी "पाठवते" म्हटलं, फोन ठेवला आणि सीएसआर-वन म्हणजे काय ते शोधायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर, म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी म्हणतात. हे पैसे संस्थेमार्फत खर्च करायचे असतील, तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी लागते. तो फॉर्म म्हणजे सीएसआर-१. त्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) हवं, त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, एका विश्वस्ताची डिजिटल सही हवी आणि वर प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचं, कंपनी सेक्रेटरीचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र हवं. ताईंच्या संस्थेला एकवीस वर्षं झाली होती, पण आजवरच्या देणग्या सगळ्या ओळखीच्या माणसांकडून आलेल्या. सीएसआर हा शब्द त्यांनी पेपरात वाचला होता, इतकंच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी ताईंच्या घरी कागद बघायला गेले. लोखंडी कपाटातून त्यांनी साड्यांच्या दुकानाच्या दोन पिशव्या काढल्या. एकीत ट्रस्ट डीड, नोंदणीचा दाखला आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, २००९ सालचा उतारा. दुसरीत ऑडिटचे कागद, त्यातलं एक वर्ष गायब. परिशिष्ट एकवर सात विश्वस्तांची नावं. मी विचारत गेले आणि ताई सांगत गेल्या. हे गेले. हे मुलीकडे अमेरिकेला असतात. हे पण गेले, कोविडमध्ये. नवीन तीन जण घेतलेत, ठराव आहे, पण तो धर्मादाय कार्यालयात कळवायचा राहिला.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. इथे वर्षं उलटली होती, म्हणून विलंब माफीचा अर्जही आला. वकिलांनी ८,००० रुपये घेतले. मृत्यूचे दाखले, संमतीपत्रं, सभेची नोटीस, इतिवृत्ताची प्रत. अमेरिकेतल्या काकांचा राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून आला, तो चालला नाही, मूळ कागद कुरिअरने मागवावा लागला. चेंज रिपोर्ट लगेच मंजूर होईल या आशेवर प्रपोजलचं वेळापत्रक बांधू नका. आम्ही पुढे सगळीकडे दाखल केल्याची पोच, विश्वस्तांचा ठराव आणि वस्तुस्थिती सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र जोडलं. ते चाललं. लपवलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर मात्र चाललं नसतं.

खरा धक्का सीएच्या ऑफिसात बसला. २०२१ पासून सगळ्या जुन्या संस्थांना १२ए आणि ८०जी ची नव्याने नोंदणी करावी लागत होती, फॉर्म १०ए भरून. ताईंच्या संस्थेने तो भरलाच नव्हता. आधीचे सीए काका निवृत्त झाले, नव्यांना वाटलं जुन्यांनी भरला असेल. नशीब असं की मुदत वाढत वाढत ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत आली होती आणि आम्ही ऑगस्टच्या मध्यावर होतो. सहा आठवडे हातात. फॉर्म ९ सप्टेंबरला गेला, आदेश महिनाअखेरीस आला. पुढे मुदत आणखीही वाढली, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? त्या रात्री मी ताईंना काही बोलले नाही, पण स्वतःशी चरफडले. एकवीस वर्षं प्रामाणिकपणे चाललेलं काम एका न भरलेल्या फॉर्मपायी अडलं असतं.

ऑक्टोबरात डिजिटल सही काढली (१,८०० रुपये, व्हिडिओवर ताईंना आपलं नाव स्पष्ट उच्चारायचं होतं, तिसऱ्या वेळी जमलं), सीएने सीएसआर-१ भरला, नंबर मेलवर आला. निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नोंदणी केली, तोही क्रमांक बहुतेक फॉर्ममध्ये विचारतात. सीएची सगळ्याची मिळून फी ७,५०० रुपये. ती आणि वकिलांची, दोन्ही ताईंनी स्वतःच्या पेन्शनमधून दिली. संस्थेच्या खात्यात तेव्हा एकोणीस हजार होते आणि शिक्षिकांचा पगार व्हायचा होता.

एक सांगून ठेवते. कागद हाताला लागतील तसे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात वर्ष घाला. "नवीन फायनल २" असं नाव देऊ नका. पाच महिन्यांनी रात्री साडेअकराला २०२१-२२ चं ऑडिट शोधताना माझी आठवण येईल.

कागदांच्या या धावपळीतच मी अभ्यासिकेत जाऊन बसायला लागले होते. हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. जुलैतलं चौदा पानी प्रपोजल मी एकदाही वस्तीत न जाता लिहिलं होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

ताई सगळ्यांना "आमच्याकडे दीडशे मुलं" असं सांगायच्या. मीही तेच लिहिलं होतं. तिन्ही अभ्यासिकांचं हजेरीपत्रक पाहिलं तर नावं १२७. आणि सप्टेंबरचे दोन आठवडे रोज आळीपाळीने बसून मी डोकी मोजली, तर तिन्ही मिळून सरासरी ७१-७२. गणपती १९ तारखेला बसायचे होते, त्यामुळे मोठी मुलं ढोल-ताशाच्या सरावाला. पण फक्त गणपती म्हणावं तर हजेरीपत्रकातले जून-जुलैचे आकडेही फार वेगळे नव्हते.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या दुखावल्या. "अगं, दीडशे म्हणजे येऊन-जाऊन. एकवीस वर्षांत किती मुलं गेली इथून, तू काय डोकी मोजतेस?" मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प. फळ्यावर कुणीतरी सातचा पाढा अर्धा लिहून ठेवला होता.

त्याच दिवशी निघताना दुसऱ्या अभ्यासिकेतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, कोण का येत नाही ते पाहिजे का तुम्हाला?" या बाई त्याच वस्तीत राहतात, दिवसभर शिवणकाम करतात आणि संध्याकाळी वर्ग घेतात. त्यांनी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. हजेरीपत्रकात फक्त "गै" असतं. या वहीत प्रत्येक "गै" समोर दोन-तीन शब्द होते. आई कामावर, बाळ सांभाळते. पाणी उशिरा आलं. गावाला, आजी वारली. ढोल. ताप. बाळ सांभाळते. चप्पल नाही. मारलं घरी. बाळ सांभाळतो. हे लिहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "दुसऱ्या दिवशी पोराला विचारायला बरं पडतं, नुसतं का नाही आलास म्हटलं की खोटं बोलतात."

ती वही मी मागून घरी आणली आणि दोन रात्री बसून पाच महिन्यांच्या नोंदी मोजल्या. दहा गैरहजेऱ्यांमध्ये जवळपास चार वेळा कारण एकच: धाकटं भावंड. आई संध्याकाळची धुणीभांडी करायला सहकारनगरला, नाहीतर मित्रमंडळ कॉलनीकडे गेलेली, आणि घरी दोन वर्षांचं पोर. मग आठ वर्षांची ताई अभ्यासिकेला कशी येणार? आणि आलीच, तर कडेवर बाळ घेऊन.

प्रपोजल तिथून पुढे आपसूक सुचत गेलं. प्रत्येक अभ्यासिकेत धाकट्या भावंडांसाठी एक कोपरा: सतरंजी, खेळणी आणि वस्तीतलीच एक मदतनीस, तेवढे दोन तास. वंचिततेवरची प्रस्तावना गेली, तिच्या जागी वहीचे आकडे आले. आधी सगळं मराठीत लिहिलं, तिन्ही अभ्यासिकांच्या बायांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी "असं नाहीये ते" म्हटलं, ते बदललं आणि मग इंग्रजीत आणलं. अजूनही मी असंच करते. थेट इंग्रजीत लिहिलं की मला छान वाक्यांची हौस येते आणि बाया वाचूनच बघू शकत नाहीत.

बजेट मात्र रडवतं. मी आकड्यांची माणूस नाही. पण ज्यांना पैसे द्यायचे असतात ते बजेट आधी उघडतात, हे आता पक्कं कळलंय. आमचं असं होतं: सहा शिक्षिका, प्रत्येकी महिना ६,५०० म्हणजे वर्षाचे ४,६८,०००. तीन मदतनीस, ४,००० प्रमाणे १,४४,०००. एक समन्वयक अर्धवेळ, १,४४,०००. दोन खोल्यांचं भाडं ९६,००० (तिसरी अभ्यासिका मंडळाच्या हॉलमध्ये, फुकट). साहित्य ६०,०००. खाऊ, ७२ मुलांना रोज पाच रुपयांचा, २४० दिवस, ८६,४००. हिशेब आणि ऑडिट ३६,०००. एकूण १०,३४,४००.

पाच रुपयांत काय येतं म्हणाल, तर फुटाणे, गूळ-शेंगदाणे आणि शुक्रवारी बिस्किट. बाईंनी भाव विचारून आणले होते.

आता या एकूण रकमेला ७२ ने भागा. एका मुलामागे वर्षाला सुमारे १४,४०० रुपये. आणि १५० ने भागलं तर सहा हजार आठशे शहाण्णव.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी एका कंपनीच्या सीएसआर विभागातून फोन आला. प्रकल्प आवडलाय, पण "पर चाइल्ड कॉस्ट" जास्त आहे, आम्ही साधारण सात हजारांपर्यंत जातो, काही बघता येईल का? ताई शेजारीच होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दीडशे लिही ना. पटावर सव्वाशे आहेतच, पुढच्या वर्षी होतील दीडशे."

त्या रात्री मी एक्सेलच्या त्या चौकोनात १५० टाकून पाहिलं. शेजारचा आकडा टपकन ६,८९६ झाला. किती सोपं होतं. पाच मिनिटं तसंच ठेवून पाहत बसले. मग परत ७२ केलं. यात मोठेपणा काही नाही, मला भीती वाटली. साइट व्हिजिटला कुणी येऊन माझ्यासारखीच डोकी मोजली तर? आणि पुढचं वर्षभर दर तिमाहीला १५० चा हिशेब मीच लिहायचा होता. एकदा लिहिलेला आकडा पुढे सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळायचं ओझं वर्ग घेणाऱ्या बायांवर येतं. त्यांच्याच हजेरीपत्रकात खोटे "ह" भरले गेले असते.

७२ च पाठवलं. सोबत लिहिलं की महिन्याला १,२०० रुपये पडतात, त्यात शिकवणं, खाऊ आणि धाकट्या भावंडाची देखभाल येते. आठवड्याने दोन ओळींचा नकार आला. ताई तीन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

(या क्षेत्रातला "लाभार्थी" हा शब्द मला अजून पचलेला नाही. आठ वर्षांची पोर कडेवर भावाला घेऊन अभ्यासाला येते, ती कसला लाभ घेते? पण फॉर्ममध्ये रकाना तोच असतो, मी मुकाट्याने भरते.)

जानेवारी ते मार्च हा या धंद्याचा सीझन, हेही तेव्हाच कळलं. कंपनीने वर्षाचे सीएसआरचे पैसे ३१ मार्चपर्यंत खर्च केले नाहीत, तर चालू प्रकल्पाचे असतील ते तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात, नाहीतर सहा महिन्यांत कायद्याच्या अनुसूची सातमधल्या सरकारी निधीत भरावे लागतात. म्हणून जानेवारीत फोन करणाऱ्यांना जुलैपेक्षा बरं उत्तर मिळतं. पण त्या वेळी कागद तयार हवेत. आमचे होते, साड्यांच्या पिशव्यांच्या कृपेने.

जानेवारी २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका फाउंडेशनने अर्ज मागवले, अर्ज फक्त ऑनलाइन. सव्वीस प्रश्न, प्रत्येक उत्तराला अक्षरमर्यादा. "तुमचा प्रकल्प कोणती समस्या सोडवतो?" याला १,५०० अक्षरं, म्हणजे मोकळ्या जागा धरून. मी चौदा पानांवरून अर्ध्या पानावर आले. सोळा वर्षांची संपादकी त्या एका आठवड्यात कामाला आली. उत्तरं थेट पोर्टलवर लिहू नका. मी पहिल्या दिवशी दीड तास लिहिलं आणि पानाने मला बाहेर काढलं, सगळं गेलं. नंतर वेगळ्या फाइलमध्ये लिहून, अक्षरं मोजून चिकटवलं.

शेवटच्या दिवशी कळलं की प्रत्येक कागद २ एमबीच्या आत हवा आणि आमचं ऑडिट ११ एमबीचं. संध्याकाळचे सात. घरच्या लॅपटॉपवर छोटं करावं तर अक्षरं पुसट होत होती. नवी पेठेत स्पर्धापरीक्षावाल्या मुलांच्या गर्दीत एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे पळाले. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "किती केबीत पाहिजे? एमपीएससी का?" मी म्हटलं, "दोन एमबी, संस्थेचं ऑडिट." वीस रुपयांत त्याने नऊ फाइली करून दिल्या, एकही अक्षर पुसट नाही. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सबमिट झालं. त्या दुकानात मी आता नेहमीची झालेय.

फेब्रुवारीत आधी व्हिडिओ कॉल झाला, मग साइट व्हिजिट ठरली. तारीख त्यांनी दिली १७ फेब्रुवारी. मी कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. १९ ला शिवजयंती. अर्धी मुलं मंडपात असणार. तारीख बदलायला सांगायचा धीर झाला नाही.

व्हायचं तेच झालं. बाईंच्या अभ्यासिकेत चोवीसपैकी नऊ मुलं. बाहेर स्पीकर चालू. फाउंडेशनकडून आलेल्या प्रोग्राम ऑफिसर तिशीतल्या, हिंदीत बोलणाऱ्या. ताई घाईघाईने समजावायला लागल्या. त्या ऐकून घेत होत्या, पण नजर टेबलावरच्या वहीकडे. "ये क्या है?" बाईंनी पान उघडून दिलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून बाई बोट ठेवून एकेक ओळ आपल्या हिंदीत सांगत गेल्या. "ये बच्ची का भाई छोटा है. ये आज मंडप में गया. इसका चप्पल नही था, फिर मैंने दिया मेरे पोराचा." वीस मिनिटं तेच चाललं. मला आणि ताईंना कुणी काही विचारलंच नाही. जाताना त्यांनी त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढला, नऊ "ह" आणि पंधरा कारणं.

मंजुरीचा मेल ७ मार्चला आला, पण रक्कम होती ८,९०,०००. हिशेब-ऑडिटची ओळ पूर्ण कापलेली आणि समन्वयकाच्या १,४४,००० चे ३५,६०० झालेले. कारण दिलं होतं, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या पुढे देता येत नाही. हे वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळेल, म्हणून नीट सांगते. सीएसआरच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला. प्रकल्प राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला थेट लागणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलाय. मी नियमातला तो मजकूर मेलमध्ये डकवून, भांडणाचा सूर न लावता लिहिलं की आमची समन्वयक ऑफिसात बसत नाही, तिन्ही अभ्यासिका फिरते, तिचा खर्च प्रकल्पाचाच आहे. तीन दिवसांनी समन्वयकाचे ६०,००० वाढले. ऑडिटचे मिळाले नाहीत. म्हणजे एकूण साडेनऊ लाख. देणाऱ्याशी घासाघीस करायची नसते असं मला वाटायचं. सभ्यपणे केली तर राग मानत नाहीत, निदान आमच्या बाबतीत तरी.

करारनामा सतरा पानी होता, तेव्हा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. तो शब्दन् शब्द वाचा. आमच्यात दोन कलमं महत्त्वाची निघाली. बजेटच्या एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे, तर १० टक्क्यांच्या वर लेखी परवानगी लागते. आणि दुसरा हप्ता पहिल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) सीएच्या सहीने दिल्याशिवाय येत नाही. म्हणजे मधले दीड-दोन महिने संस्थेला आपल्या खिशातून पगार द्यावे लागू शकतात. ही सोय आधी करून ठेवा. ताईंनी दोन जुन्या देणगीदारांकडून बिनव्याजी एक लाख मागून ठेवले.

माझ्या पैशांचं सांगायचं राहिलं. पहिले चार महिने मी काहीच घेतलं नाही. मग ताईंनीच हट्टाने महिना ३,००० द्यायला सुरुवात केली. मे २०२४ मध्ये दुसऱ्या एका संस्थेचे सर भेटायला आले. त्यांचा प्रस्ताव सरळ होता: मिळतील त्या रकमेचे १० टक्के तुमचे. साडेनऊ लाखांवर ९५,००० झाले असते, मोह न व्हायला मी काही संत नाही. पण ते ९५,००० बजेटमध्ये कुठल्या ओळीत दाखवायचे? देणाऱ्याने ते मुलांसाठी दिलेले असतात. आणि माझी कमाई टक्क्यावर असेल, तर त्या चौकोनातला ७२ मी रात्री परत केला असता का, याची मला खात्री नाही. निधी उभारणाऱ्यांची अमेरिकेत एक मोठी व्यावसायिक संघटना आहे, तिच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे, हे नंतर वाचलं. शिवाय आपल्याकडे "टक्केवारी" म्हटल्यावर लोकांना काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. आता मी एका प्रपोजलचे १५,००० घेते, मंजूर होवो न होवो, निम्मे आधी. छोट्या संस्थांना ते एकदम जमत नाहीत, म्हणून तीन हप्ते करते. यावर घर चालत नाही. सोबत भाषांतराची कामं चालूच आहेत.

तेरा महिन्यांचा ताईंच्या संस्थेचा हिशेब: अकरा अर्ज, सात ठिकाणांहून काहीच उत्तर नाही, दोन नकार, एक मंजूर, आणि एका रोटरी क्लबाने सतरंज्या आणि पुस्तकांची दोन कपाटं दिली. नकार येतो तेव्हा वाईट वाटतं, पण निदान कळतं. उत्तरच आलं नाही तर मी तीन आठवड्यांनी एक मेल आणि मग एक फोन करते, त्यापुढे नाही.

१५ जून २०२४ ला शाळा सुरू झाल्या तेव्हा भावंडांचा कोपराही सुरू झाला. फाउंडेशनचं एक ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे दर शनिवारी आठवड्याची हजेरी भरायची. हजेरी साठ टक्क्यांच्या खाली गेली की एक चौकट उघडते, "कारण निवडा". त्यात चारच पर्याय: आजारपण, स्थलांतर, परीक्षा, इतर.

३० जूनला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, १ जुलैला मुक्काम होता. सोमवार-मंगळवार अभ्यासिकेत मिळून दहा-बारा मुलं. मी "इतर" निवडलं आणि शंभर अक्षरांच्या जागेत इंग्रजीत "पालखी" असं लिहून टाकलं. परवा गुरुग्रामहून मेल आला: पालखी म्हणजे काय ते कळवावं आणि शक्य असल्यास पुरावा जोडावा.

बाईंकडे फोटो होता. अभ्यासिकेतली सात-आठ पोरं रस्त्याच्या कडेला ओळीने उभी, हातात स्टीलचे तांबे, वारकऱ्यांना पाणी देताहेत. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ. फोटो निघाला सहा एमबीचा. संध्याकाळी नवी पेठेत जायचंय.